शटर सव्वाशे आणि सासूबाईंची संकष्टी

चहा तुमच्या घरचा आहे, म्हणून आधी पिऊन घेतो. हा किस्सा ऐकल्यावर तुमी मले पाणी तरी विचारसान का नाही, याची ग्यारंटी नाही.

मोबाईलवर चंद्राचे फोटो काढणाऱ्या माणसांची मले मनापासून कीव येते, हे तुमाले माहीत आहे. काय तो अवतार! चंद्र दिसला की हात वर करून उभे. अन् फोटोत येते काय? पांढरा ठिपका! तो ठिपका मंग ग्रुपवर टाकायचा, खाली पन्नास लोकांनी हात जोडायचे. महागडा मोबाईल असला तर तो चंद्र स्वतःच रंगवून देते. त्यात तुझं काय बे? बोट तेवढं तुझं!

आपलं तसं नाही. आपल्यापाशी खरा कॅमेरा आहे. चारशे एम.एम.ची लेन्स आहे. ट्रायपॉड आहे. अन् अक्कल आहे, असं त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

झालं असं, की सासूबाई अमरावतीहून आमच्याकडे रायपूरले, ब्राह्मणपाऱ्यात आल्या होत्या. बाई कडक. त्यांनी एकवीस संकष्ट्या धरल्या होत्या. दिवसभर चहा अन् पाणी, चंद्र पाहून अर्घ्य दिल्याशिवाय तोंडात घास नाही. मधात एक जरी मोडली तर पुन्हा एकपासून सुरुवात. वीस पार पडल्या होत्या अन् ही एकविसावी, शेवटची, नेमकी आमच्या घरी आली. कशासाठी धरल्या, ते मी कधी विचारलं नाही. सासूच्या उपासात जवायानं काहून डोकं घालावं?

संध्याकाळपासून आभाळ धुरकट होतं. एक तर सिलतराच्या कारखान्यांचा धूर, त्यात रस्त्याची धूळ. सासूबाई दर पाच मिनिटांनी खिडकीतून पाहत होत्या. बायको, वंदना, मोदक झाकून बसली होती.

"कॅलेंडरवर नागपूरचा चंद्रोदय आठ पन्नास लिहून आहे," वंदना म्हणाली. "तवा वर जाऊ."

"नागपूरचा!" मी हसलो. कसा हसलो माहीत आहे? नाकातून. "अवं, रायपूर नागपूरच्या पूर्वेले आहे. इथं चंद्र आधी उगवते. कॅलेंडर छापणाऱ्याले रायपुरात मराठी माणूस राहते हेच माहीत नाही, तो काय वेळ सांगन?"

"किती आधी?"

"अर्धा तास," मी ठोकून दिलं.

खरं सांगू? दहा मिनिटांचा फरक आहे. पण दहा मिनिटांसाठी नागपूरले नावं ठेवण्यात काय मजा?

आठ वाजून दहा मिनिटांनी सगळी वरात गच्चीवर. पुढं मी ट्रायपॉड घेऊन, मागं सासूबाई तांब्या घेऊन, त्यांच्या मागं वंदना मोदकांचं ताट घेऊन. शेवटी आमची मिनू. पोट्टी कॉलेजात आहे, मराठी सगळी समजते, पण उत्तर देईन तर हिंदीत.

"पापा, मोबाइल से देख लूँ?"

"मोबाईल खाली ठेव," मी म्हणालो. "आज तुले चंद्राचा फोटो कसा काढतात ते शिकवतो. लोकायले वाटते, रात्र आहे, मंग कॅमेऱ्यात लय उजेड घ्यावा लागते. गाढव लोक! चंद्रावर ऊन पडलेलं असते ऊन! म्हणून सेटिंग दिवसाची. आयएसओ शंभर, ॲपर्चर अकरा, शटर सव्वाशे, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. पाठ कर."

हे सगळं बरोबर होतं हं! आजही बरोबर आहे. चंद्र असला तर.

समोरच्या कडुलिंबाच्या मागं उजेड दिसल्यासारखा वाटला. चंद्र तिकूनच निघते. लेन्स तिकडे वळवली, बटण दाबलं. फोटो काळाकुट्ट!

"कुछ नहीं आया," मिनू म्हणाली.

"धूर आहे ना! सिलतराच्या धुरासाठी सेटिंग बदलावी लागते. हे तुले पुस्तकात नाही भेटणार."

शटर सव्वाशेवरून एका सेकंदावर आणलं. आयएसओ शंभरवरून थेट बत्तीसशे. माझीच दिवसाची सेटिंग मीच पाच मिनिटांत गुंडाळून ठेवली, अन् शरम नाही वाटली. ऑटोफोकस नुसता घरघरत होता, तर तोही बंद केला अन् हातानं रिंग फिरवायले लागलो. अन् काय सांगू! स्क्रीनवर एक ठिपका आला. रिंग फिरवली तसा तो फुगला. अजून फिरवली, अजून फुगला. बघता बघता गोल गरगरीत, पिवळसर चंद्र!

आता फोकसच्या रिंगेनं चंद्र मोठा होते का? शाळेतल्या पोराले विचारा, तोही नाही म्हणन. मी म्हणालो, "पाहा आई! निघाला!"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. आधी कडुलिंबाकडे पाहिलं, मंग स्क्रीनकडे. "जवाईबापू, मले तर झाडापाशी काही दिसून नाही राहिलं."

"डोळ्याले दिसत नाही ते लेन्सले दिसते, आई. पानांच्या आडून खेचून राहिलो मी त्याले."

"पण हा असा पुरा गोल काहून आहे? चतुर्थीचा चंद्र एका बाजूनं चेपलेला असते. चाळीस वर्षं पाहून राहिली मी."

काय उत्तर द्यावं माणसानं? गप बसावं. मी काय म्हणालो?

"आई, साध्या डोळ्याले तसा भास होते. ही चारशे एम.एम.ची लेन्स आहे."

बिचारीनं पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं. मंग म्हणाली, "बरं बावा. तुमी शिकलेले." अन् हात जोडले. दूर्वा, फूल, अक्षता घालून तांब्यातलं पाणी कडुलिंबाच्या दिशेनं सोडलं. आरती झाली. नैवेद्य दाखवला. दिवसभर उपाशी होत्या, पहिला मोदक हातात घेतला. तो खाल्ला, दुसरा खाल्ला. एकविसावी संकष्टी सुटली म्हणून वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी मात्र फोटो मोठा करून करून मिनूले खड्डे दाखवत होतो. "हे काळे ठिपके पाहा. चंद्रावरचे खड्डे आहेत. मोबाईलमध्ये येतात का असे?" अन् वरून ट्रायपॉडची तारीफ. "वीस मिनिटं झाली, चंद्र फ्रेममधून केसभर हलला नाही! याले म्हणतात ट्रायपॉड!"

चंद्र हलत नाही, याचा मले अभिमान! यापेक्षा मोठा मूर्ख तुमच्या पाहण्यात आहे का? असन तर भेटवा, मी त्याच्या पाया पडतो.

इतक्यात मिनू म्हणाली, "पापा, आपका चाँद बुझ गया."

"चंद्र विझत नसते, येडे. ढग आला असन."

तेवढ्यात कडुलिंबाच्या मागून, चार घरं पल्याडच्या गच्चीवरून साहू भैया खाली ओरडले, "टंकी भर गे हे, मोटर बंद कर दे! बत्ती मैं बंद कर दे हँव!"

मी हळूच कॅमेरा पाहिला. फोकसची रिंग पार टोकाले जाऊन बसली होती. फोकस गेला की साहूंच्या टाकीवरचाच काय, कोणताही बल्ब असाच गोल गरगरीत फुगते, हे मी स्वतः दहा जणायले शिकवलं आहे. अन् ते खड्डे? ती माझ्या लेन्सवरची धूळ होती. सहा महिन्यांपासून पुसली नव्हती.

अन् नवाच्या सुमारास खरा चंद्र धुरातून वर निघाला. कडुलिंबापासून चांगला हातभर डावीकडे, तांबूस, अन् एका बाजूनं चेपलेला. साध्या डोळ्याले दिसत होता. लेन्स नको, काही नको.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मंग ताटातल्या उरलेल्या मोदकांकडे. शांतपणे विचारलं, "मंग जवाईबापू, मी हात कोणाले जोडले?"

मी लेन्सचं झाकण शोधायले लागलो.

"नानी, साहू अंकल की टंकी को," मिनू म्हणाली.

मले लाज वाटली. मस्करीत नाही सांगत, मनापासून लाज वाटली. बाई पावणेदोन वर्षं महिन्याच्या महिन्याले उपाशी राहिली, अन् मी अर्धा तास तोंड बंद ठेवू शकलो नाही.

"आई, चालते न," वंदना म्हणाली. "तुले काय माहीत होतं? पुन्हा अर्घ्य दे."

"चंद्र निघायच्या आधी खाल्लं न मी. मोडली ते मोडली."

मंग वंदना माझ्याकडे वळली. "तुमाले माहीत तरी आहे का, आईनं ह्या एकवीस कोणासाठी धरल्या होत्या? तुमच्या प्रमोशनसाठी! जवाई रेल्वेच्या ऑफिसात वीस वर्षं एकाच टेबलावर बसून आहे म्हणून!"

मी खाली बसलो. गच्चीवरच बसलो.

सासूबाईंनी मात्र पदरानं हात पुसले. "जाऊ दे वंदे, रागावू नको त्यायले. पुढच्या महिन्यापासून पुन्हा एकपासून धरीन. चंद्र तेवढा माझ्या डोळ्यानं पाहीन."

"पुन्हा एकवीस, आई?" मी विचारलं.

"हव, एकवीस. जवायासाठी एवढं नाही करणार का?"

आता तुमीच सांगा, त्या माउलीले मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुमचा जवाई अठरा महिन्यांत रिटायर होऊन राहिला?