धर्म शिकणारी ढोरक्याची लेक

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायचं, पुरतं गुंडाळून झालं की मान जराशी तिरपी करायची आणि विचारायचं, “काऊन जी?”

ही तिची सवय ज्यांनी पाहिली नाही त्यांना मी कितीही सांगितलं तरी खोटं वाटेल. तसंही माझं निम्मं बोलणं लोकांना खोटंच वाटतं. कोहमाऱ्याच्या फाट्यावर धाबा चालवणाऱ्या माणसाला तेवढी सूट असते. पण तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच, ज्याच्यासमोर नारळ फोडायची सोय नसते. फोडला रे फोडला की विचारणार, काऊन फोडला?

पुजाऱ्यानं घंटा वाजवली, ही विचारायची. बायांनी वडाला सूत गुंडाळलं, ही विचारायची. एकदा तर देवळात कोणी नाही असं पाहून ती मारुतीलाच विचारत होती. आमचा मारुती त्या दिवसापासून थोडा तिरपा बसतो, जाऊन पाहा. कोणी चिडून म्हटलं, “काय वो पोरी, थट्टा करतं का देवाची?” तर ती शांतपणे म्हणायची, “थट्टा नाई जी करून राहिली. शिकून राहिली.”

आणि ते खरं होतं. मोबाईल अजून ज्याच्या त्याच्या खिशात आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला तिनं तत्त्वज्ञान घेतलं होतं आणि त्यात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास. मीही घेतला होता, पण माझं कारण वेगळं. बाकीच्या विषयांत मास्तर हजेरी घेत. या वर्गात हजेरी घ्यायला माणसंच नव्हती. सर, ती, मी आणि भिंतीवरची एक पाल. पाल माझ्यापेक्षा नियमित होती.

तिचा बाप गावाचा ढोरकी. घराघरातली गाईगुरं सकाळी आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागी, गोळा करायची, रानात चारून संध्याकाळी परत आणायची, हे त्याचं काम. आई ती लहान असतानाच गेलेली. बाप आणि लेक, दोघांचंच घर. बाप ज्याला त्याला सांगायचा, “माही पोरगी देवाच्या कॉलेजात आहे.” गावानं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. एक म्हातारी तिच्याकडे आली आणि दाराशी फतकल मारून बसली. बकऱ्याचा नवस बोलली होती, आता बकरा परवडत नाही, कोंबडं चालते का, कॉलेजात काय सांगतात? हिनं सांगितलं, “आजी, कॉलेजात फक्त कोण काय करते ते सांगतात, काय करावं ते नाई सांगत.” म्हातारी उठली. जाताना म्हणाली, “मंग फी कायची घेतात?”

सर नागपूरहून ये-जा करायचे. त्यांचा एक नियम होता, तो ते दर तासाला सांगत. “काय करतात ते पाहा आणि लिहा. बरं की वाईट ते लिहू नका. ते ठरवायला सगळी दुनिया बसलेली आहे.” हा नियम मला एका कानानं ऐकू येई. तिनं मात्र तो असा धरला की काय सांगू. सर आम्हांला घेऊन विहारात गेले, मशिदीत गेले, गोंदियाच्या गुरुद्वाऱ्यात गेले. सगळीकडे ती ओढणी गुंडाळून विचारायची आणि सगळीकडे लोक तिच्यावर खूश व्हायचे, कारण आपल्याला कोणी ‘का’ विचारेल याची वाट पाहत ते जन्मभर बसले होते. गुरुद्वाऱ्यात एका बुजुर्गानं उत्तर देता देता तिला इतका हलवा खाऊ घातला की परतीच्या बसला चढावर दम लागला.

तिचं सगळ्यात आवडतं उत्तर मात्र एका ट्रकवाल्याचं होतं. फाट्यावर तो गाडीला लिंबू-मिरची बांधत होता. हिनं विचारलं. तो म्हणाला, “बेटी, गाड़ी के लिए नहीं, सेठ के लिए बाँधता हूँ. नहीं दिखा तो चिल्लाता है.” ती दिवसभर हसत होती. “पाहा,” ती मला म्हणाली, “असं खरं कोणी सांगत नाई.”

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. आपल्या गावातला एक विधी निवडायचा आणि त्यावर लिहायचं. तिनं आपल्या बापाचाच विधी निवडला.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असतं. गाईंची शिंगं रंगवतात, गळ्यात मोरपिसांच्या माळा घालतात, आणि वाजतगाजत सगळं खांड, म्हणजे गावाचा अख्खा कळप, आखरावर येतं. आमच्या गावात त्यापुढंही एक होतं. ढोरकी दिवसभर उपाशी राहून आखराच्या मधोमध पालथा पडायचा, आणि सगळं खांड त्याच्या अंगावरून जायचं. तिचा आजा पडायचा, मग बाप पडू लागला. त्या घरातला पुरुषच पडणार, दुसरा नाही. गाई बहुतेक त्याला टाळून जात, एखादीचा खूर लागे, तो उठून अंग झटकी आणि गाव जयजयकार करी. तो पडला नाही तर गुरांना खुरी येते, पायांना फोड येऊन जनावरं बसतात, असं सगळे मानत.

तिनं म्हाताऱ्यांना विचारलं, काऊन पडतात? एक म्हणाला, कृष्ण पडला होता. दुसरा म्हणाला, वाघ आला तेव्हा गाईंनी ढोरक्याला पोटाखाली लपवलं, त्याची आठवण. तिसरा म्हणाला, “तुहा आजा पडे म्हणून तुहा बाप पडते. आणखी काय पायजे?” मग तिनं बापाला विचारलं. मी तिथंच ओसरीवर होतो. बाप विडी ओढत होता. म्हणाला, “वर्षभर मी त्याईले हाकलतो, काठी मारतो. एक दिवस त्या माह्यावरून जातात. फिटंफाट.”

तिनं बोटावरची ओढणी सोडली आणि पुढं काही विचारलं नाही.

पण त्याच पावसाळ्यात बाप भाताच्या तणसीच्या ढिगावरून खाली आला. बरगड्या मोडल्या. गोंदियाच्या डॉक्टरनं काचेवर फोटो लावून तिला दाखवलं, हाडं वाकडी जुळली आहेत, आता आतला धक्का सोसणार नाही, पाण्याची घागरसुद्धा उचलू देऊ नका. बाप खोकला की छातीवर हात दाबून खोकायचा. तरी पाडव्याला पडणार म्हणाला.

“बाबा, या साली नोको पडू.”

“मंग कोण पडन? गाईले खुरी आली तर लोक कोणाले म्हणतीन?”

“घागर नाई उचलत तू.”

“घागर कोठं देव असते?”

तिनं भरलेली घागर त्याच्यासमोरून उचलली आणि आत नेली.

त्या आठवड्यात वर्गात तिनं सरांना विचारलं, “सर, पाहणाऱ्यानं मधात पडावं का?”

सर म्हणाले, “मधे पडला की तो पाहणारा राहत नाही.”

“मग कोण राहते जी?”

सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी तारीख लिहिली. तारीख आधीच लिहिलेली होती. तिच्याखाली पुन्हा लिहिली.

पाडव्याला मी आमच्या गाई घेऊन आखरावर उभा होतो. आमच्या एका गाईची शिंगं मी अशी रंगवली होती की सूर्यानं लाजून ढगात जावं. बाप उपाशी, कपाळाला गुलाल, हळूहळू गुडघे टेकून पालथा झाला. पडताना त्यानं छातीखाली हात घेतला, ते मला दिसलं. ती बायांमध्ये उभी होती. डफ सुरू झाले, पोरांनी हाकारे घातले, खांड सुटलं.

आणि ती धावली. पिवळी ओढणी उडाली, बाया ओरडल्या, आणि ही जाऊन बापाच्या अंगावर आडवी पडली. बापाचं डोकं, पाठ, सगळं आपल्या अंगाखाली घेतलं. आमच्या गाईंनी धावती पोरगी आखरावर कधी पाहिली नव्हती. पुढच्या बुजल्या, मागच्या त्यांच्यावर चढल्या, आणि टाळून जाणारं खांड त्या दिवशी टाळून गेलं नाही. डफवाले मात्र वाजवतच होते. ते डोळे मिटून वाजवतात.

धूळ बसली तेव्हा बाप उठून बसला. अंगावर ओरखडाही नव्हता. तिच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि हात भलतीकडेच लोंबत होता.

मग एका म्हाताऱ्यानं सुरुवात केली, “पाहा रे, पाहा! ज्याची श्रद्धा त्याले धक्का नाई. जिले शंका, तिचं हाड मोडलं!” आणि जो जयजयकार उठला, तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. बापाला खांद्यावर घेतलं. बापाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते कशाचं होतं ते मी सांगू शकत नाही. आम्ही चार पोरांनी तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. ट्रॉली हलली तरी जयजयकार ऐकू येत होता. ती आकाशाकडे पाहत म्हणाली, “मी त्याईले पुरावा देऊन टाकला रे.”

दवाखान्यात सर आले. पिशवीत संत्री. बसल्या बसल्या त्यांनी एक सोललं, मग दुसरं, मग तिसरं. कोणी खाल्लं नाही. म्हणाले, “प्रकल्पाचं राहू दे. मी पाहून घेतो.”

ती म्हणाली, “राहू कसं देऊ सर? गाव काय म्हणते तेवढंच लिहिलं, तर माहा बाप पुढच्या साली मरते. मी काय म्हणते ते लिहिलं, तर तुमचा नियम मोडते. सांगा, काय लिहू?”

सर उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता ते खिडकीवरही तारीख लिहितात. पण ते नुसते उभे राहिले. माणूस पाठमोरा असूनही हरलेला दिसू शकतो, हे मी तिथं पाहिलं.

बाप संध्याकाळी आला. गळ्यात हार तसाच. गावानं पुढच्या वर्षाचं ठरवूनही टाकलं होतं, लाऊडस्पीकर लावायचा, आमदाराला बोलवायचं, आजूबाजूच्या गावांत हँडबिल वाटायचं. जन्मात पहिल्यांदा कोणी त्याला खुर्ची दिली होती. तो तिच्या पायाशी टेकला.

“बाई, गाईनं तुले शिक्षा नाई केली. तू मधात आली म्हणून लागलं.”

“पुढच्या साली पडशील?”

“पडा लागते.”

“मग मीही पडीन. तुह्यावर. दर साली.”

बाप हसला. तिच्या प्लास्टरकडे पाहून हसू थांबलं. त्यानं गळ्यातला हार काढला, कुठं ठेवावा कळेना, म्हणून हातात धरून बसला. गावाला तो नाही म्हणू शकत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. गावानं त्याला आता देवाच्या इतकं जवळ नेऊन ठेवलं होतं की तिथून उतरायला वाटच नव्हती. आणि लेकीला तर तो कधीच नाही म्हणू शकला नव्हता.

परीक्षा तिनं डाव्या हातानं दिली. प्रकल्प दिला नाही. त्या विषयात ती नापास झाली आणि मी पास झालो. यावरून विद्यापीठाची काय ती कल्पना करा.

पुढच्या दिवाळीच्या आधी एका सकाळी आखरावर गाई जमल्या आणि त्यांना न्यायला कोणी आलं नाही. घराला कुलूप. शेजारणीला सांगून गेले होते, घरची कोंबडी तुम्हीच ठेवा. कोणी म्हणे रायपूरला गेले, कोणी म्हणे नागपूरला. धाब्यावर कोणी विचारलं तर मी सांगतो, ती दिल्लीला आहे, मोठी प्राध्यापिका झाली, परदेशी लोक तिच्यापुढं खाली मान घालून बसतात, आणि बाप तिथं बंगल्याच्या गच्चीवर दोन गाई पाळतो. ऐकणारे हसतात. खरं मला माहीत नाही. त्यानंतर मी तिला कधीच पाहिलं नाही.

पाडवा मात्र आला. आमदार आला नाही, पण लाऊडस्पीकर आला. गाव आखरावर उभं, शिंगं रंगलेली, आणि मधोमध पडायला माणूस नाही. म्हातारे एकमेकांना शिव्या देत होते. दुसरा कोणी पडायला तयार होईना. श्रद्धा सगळ्यांची होती, पण पाठ प्रत्येकाची आपापली होती. शेवटी कोणीतरी म्हणालं, हाका तशाच, रीत तरी होऊ द्या.

डफ वाजले. खांड सुटलं. आता मी जे सांगतो ते माझ्या नेहमीच्या गोष्टींत धरू नका. गाई धावत मधोमध आल्या, आणि जिथं तो दर वर्षी पडायचा तिथं पुढच्या गाईनं मान वळवली. मग दुसरीनं. मग सगळं खांड दोन्ही अंगांनी वाहत गेलं. धूळ खाली बसली. सगळ्या आखरावर खुरांचे ठसे होते, आणि मधे माणसाच्या लांबीएवढी जमीन कोरी.