जिंटींची पिवळी मांडणी

"वसंतातली घरची मिस्सा यंदा जिंटींकडे," असं फादर लव्हेल यांनी वेदीवरून जाहीर केलं आणि डिंप्ना जिंटीने शेजारच्या अट्रॅक्टाच्या दंडाला असा चिमटा काढला, की ती बिचारी भर चर्चमध्ये "अयाई गं!" करून ओरडली.

गोर्टनाबाच्या वाडीत अकरा घरं. वर्षातून दोनदा फादर एकेका घरी यायचे, तिथल्याच टेबलावर मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, करायचे, सगळी वाडी जमायची आणि मग भरपेट नाश्ता. एका घराची खेप यायची पाच-साडेपाच वर्षांनी. खेप आली की भिंतींना चुना, दाराला रंग, अंगणाला खराटा, आणि सगळ्यांत महत्त्वाची स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी. लोक प्रार्थनेला यायचे हे खरं, पण बायकांची नजर उंबरा ओलांडला की आधी मांडणीवर जायची.

जिंटींची मांडणी चांगली पुरुषभर उंच. वर ताटल्यांच्या तीन फळ्या, खाली दोन दारं. रंग तपकिरी. डिंप्ना लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात घरी तीन मिस्सा झाल्या, आणि तिन्ही वेळा तपकिरीवर तपकिरीच चढला.

डिंप्ना समुद्राकाठची. बाप होड्या बांधायचा आणि ही आठ वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर त्या रंगवायची. लाल, हिरवी, पिवळी. किनाऱ्यावरून नुसता रंग बघून कळायचं, कोण सुखरूप परत येतंय. या आतल्या मुलखात आली तेव्हा तिला वाटलं, इथल्या लोकांनी सगळं जग चहात बुडवून काढलंय की काय! पण नव्या सुनेने बोलायचं नसतं. मग मुलं झाली, कोंबड्या झाल्या, बटाट्याची पेरणी, गवताची कापणी. बोलायचं राहूनच गेलं.

यंदा मात्र सोमवारी सकाळीच तिने सायकल काढली. परतली तेव्हा मागे दोरीने बांधलेला रंगाचा डबा होता आणि गाल उताराच्या वाऱ्याने लालबुंद झाले होते. नवऱ्याने, कोल्मनने, डब्याचं झाकण उचकटलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"अगं, हा तर अंड्याचा बलक आहे!"

"मग? बलक तुला आवडतो ना?"

"मला आवडतो गं. पण आई..."

"आईंशी मी बोलते. तू मांडणी भिंतीपासून ओढायला ये."

सासूबाई, सबीना जिंटी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. विस्तवाशेजारच्या खुर्चीत बसून त्या घरावर राज्य करायच्या.

"काय आणलंस?"

"रंग, आई. पिवळा."

"घरात मिस्सा आहे की जत्रा?"

"दोन्हीकडे माणसं नटूनच जातात."

"जीभ बघा हिची! या घरात मांडणी तपकिरी असते. धूर दिसत नाही."

"दिसला तर पुसीन."

"आणि मी नको म्हटलं तर?"

डिंप्नाला हसू काही आवरेना. "तर मला फार वाईट वाटेल, आई. आणि मग मी पिवळाच देईन."

म्हातारीने खुर्ची विस्तवाकडे फिरवली.

डिंप्नाने बाह्या सारल्या. ताटल्या, वाडगे, चहाची किटली सगळं पलंगावर नेऊन ठेवलं. खालच्या कप्प्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला टोपलीसकट न्हाणीत हलवलं; तिने जाता जाता कोल्मनच्या अंगठ्याला चोच मारलीच. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने वर्षानुवर्षांची चिकट काजळी निघाली आणि डिंप्नाने बापाची रंग खरवडायची जुनी पत्री हातात घेतली. खर्र, खर्र. तपकिरी सालं जमिनीवर पडू लागली. एक थर, दुसरा, तिसरा. हात भरून आले तरी ती थांबेना, गाणं गुणगुणत होती, आणि मधेच हाक मारत होती, "कोल्मन, बघ रे, लाकूड कसं गुळगुळीत आहे!"

मधल्या फळीची कड खरवडताना तिचा हात थबकला. तपकिरीच्या खाली निळं होतं. चांगलं गर्द, चकचकीत निळं.

"आई! इथे निळा रंग आहे! कोणी दिला होता?"

खुर्ची करकरली. म्हातारी काठी टेकत आली, वाकली आणि त्या बोटभर निळ्यावर तिने अंगठा फिरवला.

"मी," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. माझ्या भावाने घोड्याची गाडी रंगवली होती, त्यातला उरलेला. चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी बाजारातून आले, तर सासूने वरून तपकिरी फासलेला. म्हणाली, धूर दिसतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? चहा केला."

"पण त्या गेल्यावर? तेव्हा का नाही बदललात?"

"तोवर मलाही धूर दिसायला लागला होता." म्हातारीने नाक पुसलं आणि एकदम खेकसली, "बघत काय बसलीस? नुसत्या पिवळ्याने ताटल्या उठून दिसणार नाहीत. मागच्या फळ्या निळ्या हव्यात. कोल्मन! गाडीसाठी आणलेला निळा कुठे ठेवलायस?"

"आई, तो गाडीचा आहे!"

"गाडीत फादर बसणार आहेत का? आण!"

दोघी कामाला लागल्या. सबीनाचा हात थरथरायचा म्हणून मागच्या रुंद फळ्या तिच्याकडे आणि कडा डिंप्नाकडे. खुर्चीत बसून म्हातारी रंग लावायची, आणि सुनेला सुनावायची, "ब्रश लाकडाच्या रेषेनं ओढ, होडी नव्हे ही." डिंप्ना म्हणायची, "होडी असती तर एव्हाना बुडाली असती, तुमचे ठिपके बघा!" मग दोघी खदखदून हसायच्या. कोल्मन दारातून डोकावायचा आणि आपण बरं आणि आपली गाय बरी, म्हणून निघून जायचा.

रंग झाला, पण वाळेना. तीन दिवस बाहेर झिमझिम आणि आत विस्तव पेटवून पेटवून सगळ्यांना घाम. मिस्सेच्या सकाळी डिंप्नाने ताटल्या मांडल्या तेव्हा डावी बाजू अजून बोटाला चिकटत होती. माणसं जमली. आत येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातच थबकायची आणि मागची बाई तिच्यावर आदळायची. शेवटी फादर लव्हेल आले, प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला, आणि अंडी-पावाच्या बशीकडे वळताना फादरांनी कोपर नेमकं डाव्या बाजूला टेकवलं. काळ्या कोटावर हातभर पिवळा पट्टा!

डिंप्नाला वाटलं, जमीन दुभंगावी.

फादरांनी कोपर बघितलं, मांडणी बघितली. "कोणाची करामत ही?"

"आम्हा दोघींची," सबीना खुर्चीतूनच कडाडली. "पिवळा हिचा, निळा माझा. आणि फादर, कोट इकडे द्या, टर्पेंटाइन आहे."

फादर हसले तसं सगळं घर हसलं. नाश्ता दुपारपर्यंत चालला. जाताना अट्रॅक्टाने डिंप्नाला कोपऱ्यात गाठलं आणि हळूच विचारलं, "पुढची खेप आमची आहे गं. डब्यात थोडा उरलाय का?"

"उरलाय," म्हातारी लांबूनच म्हणाली. तिचे कान अजून तिखट होते. "पण तू तुझा रंग शोध. अकरा घरं पिवळी झाली, तर मजा काय राहिली?"