आई उठतच होती

आमच्या वस्तीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. मागच्या उन्हाळ्यात तेही चुकलं, तेव्हा गल्लीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन पाण्याच्या टाकीसमोर रस्त्यावर बसल्या. आई पुढं, मी तिच्या मागं.

दुपारी पोलिसांची गाडी आली. "रस्ता मोकळा करा," इन्स्पेक्टर म्हणाला. "पाण्याच्या साहेबाला बाहेर येऊ द्या, मग उठतो," बायांनी सांगितलं. साहेब काही आला नाही. शिट्टी वाजली आणि लाठ्या सुरू झाल्या. आईचे गुडघे धरलेले. एक हात जमिनीला टेकून ती उठतच होती, तेवढ्यात त्याच हातावर लाठी बसली.

मनगट मोडलं होतं. संध्याकाळी प्लास्टर घालून घरी आलो, तर शेजारचा हवालदार दारात उभा. आमच्याच गल्लीत वाढलेला. दर जयंतीला आईच्या हातची खीर खाऊन जाणारा.

"मावशी, मी नव्हतो तिथं."

"असतास तर?"

तो म्हणाला, "वरून ऑर्डर आली की काय करावं मावशी? रस्ता बंद होता. अँब्युलन्स अडकली असती म्हंजे?"

"अडकली व्हती का?"

"नाय."

"आमी दगड मारला? शिवी दिली? बसलो व्हतो नुसतं. उठवायचं तर हाताला धरून उठवायचं. बाया पोलिस उभ्याच व्हत्या की."

मी चहा ठेवला होता, तो न पिताच गेला. पुढं तो दिसायचा, पण मान खाली घालून गाडी काढायचा. जयंतीला आला नाही. आईनं खीर केलीही नव्हती. मनगट वाकडंच जुळलं होतं, भाकरी थापता येत नव्हती, भरलेली बादली उचलता येत नव्हती.

पाणी आजही तसंच येतं.

यंदा बाया पुन्हा बोलवायला आल्या, तेव्हा आईनं गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या गेल्यावर मला म्हणाली, "गुडघ्याचं काय नाय. भ्या वाटतं मला." सासरच्यांशी, ठेकेदाराशी, साऱ्या जगाशी भांडून आम्हाला वाढवलेली ही बाई. तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

मी चपला घातल्या. "तू बी जाऊ नको," ती म्हणाली.

मी गेले. टाकीसमोर बसले. दिवसभर तिचे फोन येत राहिले, आणि दर वेळी तिचा एकच प्रश्न, "पोलिस आले का गं?"