तिचा वाडगा आधी

रोज सकाळी तिच्या हातून चार डबे भरले जायचे. एक नवऱ्याचा, दोन मुलींचे आणि चौथा सासूबाईंचा, कारण त्यांना डोळ्यांनी जेमतेम दिसायचं आणि दुपारचं जेवण एकाच डब्यात हाताशी लागायचं. चार झाकणं लागली की ती ओट्याला टेकून अर्धा कप चहा प्यायची. उभ्यानेच, आणि तोही गार झालेला. खाण्याचं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "मला सकाळी भूक लागतच नाही." विचारायचं कुणी नाही, तो भाग वेगळा. पण वीस वर्षं स्वतःशीच घोकून घोकून तिला ते खरं वाटायला लागलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला फार सुरेख जमायची, ती म्हणजे वाचन. रोज संध्याकाळी सासूबाईंना पेपर वाचून दाखवता दाखवता तिचा आवाज असा तयार झाला होता, की शेजारच्या शिंपीणबाई मशीन थांबवून भिंतीला कान लावायच्या. त्यांनीच एकदा बातमी आणली. अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेला वाचणारी बाई हवी होती. ही घाबरत घाबरत गेली. तिथल्या मॅडमनी दोन पानं ऐकली आणि सरळ सांगितलं, "आवाज उत्तम आहे. चोवीस प्रकरणांचं पुस्तक देते. महिनाअखेरपर्यंत स्वच्छ पूर्ण झालं तर नोकरी पक्की. नाहीतर आणखी एक बाई थांबल्या आहेत."

उत्तम! तिला आजवर कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. ती चालतच घरी आली, बसचा थांबा कधी मागे पडला तेही कळलं नाही. ही नोकरी तिला हवी होती, अगदी जिवापासून हवी होती.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जेमतेम दोन पलंगांची जागा. भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, पंखा बंद, एक टेबल, एक माइक. आत जाताना चपला बाहेर, बांगड्या बाहेर, घड्याळसुद्धा बाहेर. काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून बसायचे ते रेकॉर्डिंगवाले काका. सगळी संस्था त्यांना कानसेन म्हणायची. वय सहासष्ट, स्वभाव तिरसट, आणि कान असे तिखट की तीन खोल्या पलीकडे कुणी पेन्सिलीला टोक काढलं तरी त्यांच्या भुवया वर जायच्या.

पुस्तक समुद्रप्रवासाचं होतं. पहिले दहा दिवस बरे गेले, कधीमधी काही तरी खुट्ट व्हायचं तेवढंच. मग तिने वेग वाढवला, सलग वाचायला लागली, आणि रोज अकराच्या सुमारास तो आवाज सुरू झाला. गुर्रर्र. मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा गुर्रर्र. समुद्र अगदी शांत होता, असं ती हळुवार वाचणार आणि मागून हे!

कानसेन खवळले. "नळ आहे. भिंतीतला नळ!" प्लंबर आला, त्याने भिंतीला कान लावला, डोकं खाजवलं आणि गेला. मग खुर्चीवर संशय गेला. खुर्ची बदलली. मग वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात जाऊन कानसेन तिथल्या फ्रिजवर भांडून आले. पाच दिवसांचं काम पुसावं लागलं. महिना संपायला आठ दिवस उरले होते आणि दहा प्रकरणं बाकी होती. तिला तर झोप लागेना. आपल्या नशिबात हे नाहीच, असं तिने मनात धरलं.

सहाव्या दिवशी कानसेननी माइक थोडा खाली सरकवला आणि म्हणाले, "वाचा." ती वाचत राहिली. अकरा वाजून गेले. काचेपलीकडे त्यांचा चेहरा बदलला, मग चक्क लाजल्यासारखा झाला. ते उठून आत आले.

"ताई, सकाळी काय खाल्लंत?"

"चहा घेतला."

"खाल्लंत काय, विचारतोय."

"मला सकाळी भूक लागत नाही हो काका."

त्यांनी आपले हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि बटण दाबलं. तिचाच गोड आवाज, आणि त्याखालून तिचंच पोट, गुर्रर्र करून बोंब मारणारं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्या प्लंबरने भिंत तपासली होती!

"तुम्हाला भूक लागत नसेल," कानसेन म्हणाले, "पण पोटात कावळे कोकलतायत, ते मला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी ती पाव खाऊन आली. तोंड कोरडं पडलं, प्रत्येक शब्दाला जीभ टाळूला चिकटली. तिसऱ्या दिवशी केळं आणि दूध घेतलं, तर घसा सारखा खाकरावा लागला. कानसेन डोक्याला हात लावून बसले. मग कागद तिच्यापुढे सरकवून त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली.

"लिहून घ्या. वाटीभर ओट्स रात्री दोन वाट्या पाण्यात भिजत घाला. सकाळी मंद आच, पाच मिनिटं, हलवत राहायचं. चिमूटभर मीठ. दूध अजिबात नको. उतरवलं की चमचाभर जवसाची पूड, थोडे बदाम कुटून आणि अर्धं सफरचंद किसून. बसून खायचं, सावकाश. एक वाजेपर्यंत पोट हूं की चूं करणार नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, काचेच्या या बाजूलाही पोट आहे. चाळीस वर्षं हीच लापशी खातोय."

सकाळी तिने लापशी केली आणि ती झालीही झकास. तिथेच घोटाळा झाला. सफरचंदाचा वास दरवळला तशा सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गं, आज काही वेगळं?" त्यांना वाडगाभर दिली. मुलींनी वाकून पाहिलं, त्यांना दिली. नवरा चपला घालता घालता म्हणाला, "मला काय फक्त वास?" मग त्यालाही दिली. सगळे खूश, कधी नव्हे ते तिचं कौतुकही झालं. आणि हिने पातेलं खरवडलं, दोन चमचे निघाले, ते खाऊन ही बाई कामाला गेली. आता काय म्हणावं हिला!

सव्वाअकराला गुर्रर्र.

"लापशी केली नाहीत?" कानसेननी विचारलं.

"केली ना."

"आणि खाल्लीत?"

"दोन चमचे," ती म्हणाली. कानसेननी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ते चिडतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज अगदी खाली आला. "ताई, पाच दिवस उरलेत, सात प्रकरणं आहेत. मी नळ थांबवला असता, फ्रिज बंद केला असता. हे मात्र मला बंद करता येत नाही. तुमचा वाडगा तुम्हालाच आधी काढून ठेवायला लागेल."

ती बसमध्ये रडली. कामाची भीती होतीच, पण त्यापेक्षा कुणी तरी आपली भूक इतकी लक्ष देऊन ऐकली, याचं रडू जास्त होतं.

दुसऱ्या सकाळी तिने मोठ्या पातेल्यात केली आणि सगळ्यांच्या आधी एक वाडगा भरून टेबलावर ठेवला. आधी दाराकडे पाहून घेतलं, जणू चोरीच करत होती. सासूबाई चाचपडत टेबलाशी आल्या, त्यांचा हात गरम वाडग्याला लागला.

"हा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली. हा शब्द तोंडातून निघायला फार जड गेला.

सासूबाईंनी हात मागे घेतला आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. "मग बस ना. उभ्याने काय खातेस?"

ती बसली. नवऱ्याने एकदा तिच्याकडे, एकदा डब्यांकडे पाहिलं आणि स्वतःचा डबा स्वतः भरायला घेतला. भाजी सांडली, झाकण वाकडं लागलं, पण डबा भरला. ती सावकाश, शेवटच्या चमच्यापर्यंत खात राहिली. खाणं गरम असताना कसं लागतं, हे ती विसरूनच गेली होती.

त्या दिवशी अकरा वाजले, साडेबारा वाजले, एक वाजला. आवाज आला तो फक्त तिच्या वाचण्याचा. कानसेन काचेपलीकडे डोळे मिटून बसले होते. चार दिवस तसेच गेले आणि शेवटच्या दुपारी चोविसावं प्रकरण संपलं. मॅडमनी अख्खं पुस्तक ऐकलं आणि नोकरीचं पत्र तिच्या हातात ठेवलं. तिला कानसेनचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी हात झटकला. "पुरे पुरे. उद्या साडेनऊला या. खाऊन या."

रविवारी दुपारी तिने पुस्तक घरच्या मोबाइलवर लावलं. पहिली श्रोती अर्थातच सासूबाई. त्या पाय जवळ घेऊन, मान तिरपी करून ऐकत होत्या. पहिल्याच प्रकरणात, जहाज किनारा सोडतं तिथे, अगदी बारीक असं गुर्र आलं. कानसेनच्या कानांतून निसटलं होतं की त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं, देव जाणे. तिने झटकन मोबाइलकडे हात नेला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुझं पोट आहे ना ते?"

तिचा हात तिथेच थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"पेपर वाचायचीस ना शेजारी बसून. रोज ऐकायचे." पुस्तकातलं जहाज आपलं पुढे जात राहिलं. "डोळे गेलेत गं माझे, कान शाबूत आहेत. माझं पोट वाजायचं तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, असंच असतं. चुकलंच माझं."

तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. कुणी तरी शेवटी ते बोलून दाखवलं, त्याचंच तिला भरून आलं.

सोमवारी पहाटे ती स्वयंपाकघरात आली तेव्हा ओट्यावर ओट्स आधीच भिजत घातलेले होते. चाचपडत घातल्यासारखे थोडे बाहेर सांडले होते, पाणीही अंमळ जास्तच होतं. शेजारी पाच वाडगे मांडून ठेवलेले होते, आणि त्यातला सगळ्यात मोठा तिच्या खुर्चीसमोर होता.