फक्कीच्या रेघेपलीकडं

परवा टीव्हीवर कुठल्याशा जुन्या लढाईचा माहितीपट लागला होता. नातू म्हणाला, "आजोबा, बघा, सगळं खरंखुरं दाखवलंय!" मी चष्मा लावून बसलो. तोफ उडाली, धूर झाला, धूर विरला, आणि मागच्या डोंगरावर मोबाईलचा टॉवर! मी असा हसलो की बशीतला चहा धोतरावर सांडला.

"आमचे मास्तर असते ना, तर छत्री उगारून ओरडले असते, थांबा!" मी म्हणालो.

"कोण मास्तर?" झालं! स्टुडिओतले किस्से म्हणजे आमच्या ड्रेसखात्यातल्या ट्रंका. एक पगडी काढायला झाकण उघडावं, तर तिच्याबरोबर चार शेले, एक दाढी आणि कुणाचातरी डाव्या पायाचा जोडा बाहेर येणार. आता उघडलीच आहे ट्रंक, तर ऐका.

*

गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतली. तेव्हा कोल्हापुरात गल्लीगल्लीत एखादा तरी सरदार राहायचा. दिवसा स्टुडिओत घोड्यावर, संध्याकाळी पिशवी घेऊन मंडईत! काय दिवस होते राव! मी आमच्या मालकांचा असिस्टंट. मालक म्हणजे स्टुडिओचेही मालक आणि दिग्दर्शकही तेच. कारण दुसरा दिग्दर्शक त्यांच्या हाताखाली टिकायचा नाही.

मालकांनी नेसरीच्या लढाईवर बोलपट काढायचं ठरवलं. सात घोडेस्वार हजारोंच्या फौजेवर चालून गेले आणि सातांतला एकही परत आला नाही, ती लढाई. आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणूनच मालक म्हणाले, "चूक झाली तर लोक खुर्च्या मोडतील. इतिहासाचा माणूस आणा कुणीतरी."

म्हणून मास्तर आले. शाळेतून रिटायर झालेले. धोतर, काळा कोट, गोल चष्मा आणि बारमाही छत्री. पहिल्याच दिवशी त्यांनी मैदानावरची फक्की मागवली, ती शाळेत खो-खोला वापरतात ना, ती पांढरी पूड. कॅमेऱ्यापुढं जमिनीवर एक लांबलचक रेघ मारली आणि म्हणाले, "रेघेच्या अलीकडं आपण. पलीकडं ते दिवस. आजचा माणूस आणि आजची वस्तू ही रेघ ओलांडणार नाही. मान्य असेल तर मी राहतो, नाहीतर ही छत्री आणि हा मी."

मालक माझ्या कानाशी पुटपुटले, "आयला, ह्यो तर हेडमास्तर निघाला!"

*

पहिला शॉट छावणीतल्या जेवणाचा. मावळे पंगतीला बसलेले, भाकरी वाढलेली, कॅमेरा सुरू होणार इतक्यात छत्री वर. "थांबा! पानात काय आहे?"

"बटाट्याची भाजी," आचारी म्हणाला.

"बटाटा? अरे, आपल्या मावळ्याच्या पानात तेव्हा कुठला बटाटा? काढा तो!"

मालक म्हणाले, लांबून कुणाला कळतंय? मास्तर म्हणाले, मला कळतंय. मालक म्हणाले, वांगं समजा. मास्तर म्हणाले, समजणार नाही. दोघंही हट्टी, ऐकायला कुणी तयार नाही. शेवटी मालक हरले आणि ओरडले, "काढा रे ती भाजी!"

काढायला गेलो तर पानं लख्ख! वाद मिटेपर्यंत फौजेनं सगळा बटाटा फस्त केला होता. वर एक जण म्हणाला, "मास्तर, असंच भांडत जावा की! उद्या मटणावर भांडा!"

*

आमची फौज म्हणजे तालमीतले पैलवान. त्यांत खंडू पैलवान म्हणजे अक्षरशः दरवाजा. दारात उभा राहिला की खोलीत अंधार. स्वभाव मात्र कोकरासारखा.

अडचण एकच. शत्रूची फौज व्हायला कुणी तयार होईना! एका तालमीचे म्हणाले, दुसऱ्या तालमीच्या पोरांना करा शत्रू. ते म्हणाले, आम्ही काय मेलोय व्हय? मग मी तोड काढली. सकाळी सगळे मावळे, दुपारी दाढ्या लावून तेच सगळे शत्रू. फिल्म जोडताना कोण कुणाला ओळखतंय?

जोडलेला तुकडा लावला. पडद्यावर सकाळच्या खंडूनं तलवार उगारली आणि दुपारच्या खंडूचं डोकं उडवलं! मालक कपाळ धरून बसले. खंडूला मात्र कौतुक, "बगा, मला मारायला मीच लागतो की!"

मी घाबरत मास्तरांकडं पाहिलं. म्हटलं, आता छत्री डोक्यात बसते. तर मास्तर शांतपणे म्हणाले, "राहू दे. तेव्हाही आपलीच माणसं दोन्हीकडं होती."

*

मास्तर एवढे कडक का, हे मला एकदा त्यांनीच सांगितलं. रंकाळ्याच्या काठावर भेळ खात बसलो होतो.

"मी वर्गात लढाया फार रंगवून सांगायचो रे," ते म्हणाले. "पट्टी घेऊन तलवारीसारखी फिरवायचो. पोरं टाळ्या वाजवायची. माझा वसंता पहिल्या बाकावर असायचा. जर्मनीशी मोठी लढाई सुरू झाली तसा घरात न सांगता पलटणीत भरती झाला. इटलीत गेला. एक तार आली, बेपत्ता. बस. कुठं, कसा, काही नाही. तेव्हापासून मी लढाई रंगवून सांगत नाही. झाली तशीच सांगायची."

माझ्या हातातली भेळ तशीच राहिली.

म्हणूनच, मालकांच्या डोक्यात शेवट बदलायचं खूळ शिरलं तेव्हा मास्तर पेटले. वितरक मुंबईहून येऊन मालकांना सांगून गेला होता, हरलेली लढाई कोण बघणार, निदान एक तरी स्वार वाचवा, तो घोड्यावरून मावळतीकडं जाताना दाखवा.

मास्तर म्हणाले, "सात गेले, सातही परत आले नाहीत. तुम्ही एक परत आणणार असाल, तर ज्यांच्या घरचे आले नाहीत त्यांनी थिएटरात काय करायचं?"

मालक तोंडाचे फटकळ, पण मनाचे वाईट नव्हते. बराच वेळ विडी ओढत राहिले आणि म्हणाले, "बरं. मारू सातांनाबी. पर मास्तर, मरताना तोंडं दिसली पायजेत. न्हायतर लोकांना रडू कसं येणार?"

*

शेवटची लढाई खुद्द नेसरीला जाऊन घ्यायची, हा मास्तरांचाच हट्ट. ट्रकनं गेलो. घोडे कुठले? आपल्या कोल्हापूरच्या टांग्यांचे! टांगे सोडून नुसते घोडे ट्रकात चढवले. नेसरीचं सगळं गाव बघायला लोटलं. मास्तरांनी फक्कीची रेघ मारून गावाला तिच्या अलीकडं बसवलं.

"ॲक्शन!" सातही घोडे उधळले. काय देखणा शॉट! मालकांच्या अंगावर काटा. आणि ऐन वेगात सातही घोडे खाडकन थांबले! चार स्वार घोड्यांच्या मानेवर.

झालं काय, तर उन्हानं डोळे दिपले म्हणून गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरला होता. टांग्याचे घोडे ते! हात वर दिसला, सवारी आली!

खंडू घोड्यावरूनच ओरडला, "ओ पावणं, हात खाली घ्या की! लढाई खोळंबलीया!"

*

घोडे धावले, तर पैलवान मरेनात!

म्हणजे मरायचे, पण सगळे पालथे. तलवार लागली की घोड्यावरून उतरल्यासारखे खाली येऊन पोटावर आडवे. एकाचंही तोंड दिसेना. मालकांचा आवाज बसला ओरडून. "खंड्या, उताणा पड की लेका!"

खंडू मान हलवून म्हणाला, "न्हाय मालक. मातीला पाठ लागली की पैलवान चितपट झाला. समोर दुसऱ्या तालमीची पोरं हुबी हायत, आज शत्रूची पाळी त्यांची. त्यांच्या म्होरं पाठ टेकू? उद्या गंगावेशीतल्या तालमीत तोंड कसं दाखवू?"

"अरं, तू मेलायस!"

"मेलो तरी पाठ न्हाय टेकायची!"

मालकांनी हात जोडले, शिव्या दिल्या, अंडी-दुधाचा खुराक कबूल केला. काही उपयोग नाही. ऊन कलायला लागलं. उद्या घोडे परत द्यायचे होते. मालक मला म्हणाले, "लिही, एक वाचला. मावळतीकडं जातोय. मला काय बी सांगू नका आता."

मास्तर ते ऐकत होते. रेघेच्या अलीकडूनच त्यांनी खंडूला हाक मारली. तो आला. मी शेजारीच होतो.

"खंडू, माझा मुलगा लढाईत गेला. तो कसा पडला, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. त्याचं तोंडही मी पाहिलं नाही." मास्तरांनी छत्रीचं टोक रेघेवर टेकवलं. म्हणाले, "तू तरी दिसेल असा पड बाबा."

खंडू मागं वळला. जाऊन घोड्यावर बसला. घोडे सुटले, फौज भिडली, तलवारी वाजल्या, आणि एवढा मोठा खंडू पैलवान, कोल्हापुरात ज्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, तो सगळ्या तालमीसमोर उताणा पडला. तोंड आभाळाकडं. त्या तालमीतल्या एकाही पोरानं हूं का चूं केलं नाही. कॅमेरा चालू.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी उठली. लुगड्याचा काष्टा, हातात काठी. मी धरेपर्यंत ती रेघ ओलांडून गेलीसुद्धा! पडलेल्या मावळ्यांतून वाट काढत खंडूपाशी गेली, खाली बसली आणि पदर त्याच्या तोंडावर धरला.

"असा उघड्यावर का रं पडलास लेकरा?" ती म्हणाली. "ऊन लागतंय की रं तोंडाला."

खंडू हलला नाही. मालकांनी 'कट' म्हणायला वर केलेला हात तसाच खाली घेतला. मागून गावातला कुणीतरी हळूच म्हणाला, "तायव्वा हाय ती. तिचा ल्योक पलटणीत गेल्ता. आला न्हाय."

मला वाटलं, आता छत्री वर होणार. मी मास्तरांकडं वळून बघितलं, तर मास्तर जागेवर नव्हते.

कॅमेरा चालूच होता.

*

आठवड्यानं स्टुडिओत ते रीळ बघायला बसलो. मालक, मी, खंडू आणि मास्तर. पडद्यावर घोडे धावले, सात जण पडले, म्हातारी आली, पदर धरला. आणि डावीकडून, रणांगणातल्या धुरातून, काळा कोट, गोल चष्मा आणि हातात छत्री घेतलेला एक माणूस चालत आला. म्हातारीशेजारी मातीत मांडी घालून बसला. रिळाला आवाज अजून जोडायचा होता, त्यामुळं काय विचारलं ते ऐकू येत नव्हतं, पण ओठ स्पष्ट दिसत होते.

"आक्का, कुठल्या पलटणीत होता?"

रीळ संपलं. दिवा लावला. मालक अगदी हळू म्हणाले, "मास्तर, छत्री दिसतीया."

मास्तर पांढऱ्या पडद्याकडंच बघत होते.

"दिसू दे," ते म्हणाले.