सोनेरी डंबेल आणि आईंचा खांदा

माझ्या सासूबाईंचं नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं. वरण करपायच्या आधी त्या अंगणातून ओरडतात, “गो, गॅस बारीक कर!” मी रोह्याची. आमच्याकडे वारा फिरला की केमिकलच्या कंपन्यांचा वास घरात येतो आणि आम्ही खिडकी लावून निवांत जेवत बसतो. त्यामुळे लग्न होऊन पेणजवळ हमरापूरला आले तेव्हा मला वाटायचं, एका नाकाचं एवढं काय कौतुक! आता मात्र मी त्या नाकापुढे हात जोडते. का ते सांगते.

आमचा गणपतींचा कारखाना आहे, म्हणजे घरामागची पत्र्याची लांबलचक शेड. नवरा रंगाचं बघतो, मी ऑर्डरी, फोन आणि भांडणं बघते आणि डोळे आई आखतात. सासूबाईंना मी आईच म्हणते. रोह्यात आमच्या आळीच्या मंडळाची मोठी मूर्ती वर्षानुवर्षं इथूनच जाते. लहानपणी आरतीला उभी राहिले की ते डोळे थेट माझ्याकडेच बघतायत असं वाटायचं. प्रसादाचा दुसरा पेढा उचलायची छाती व्हायची नाही. लग्न ठरलं तेव्हा कळलं की ते डोळे होणाऱ्या सासूबाईंनी काढलेले. मी धसकाच घेतला. ही बाई मला फ्रॉकात असल्यापासून बघत होती!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आईंचा उजवा खांदा धरला. आधी त्यांना वेणी घालता येईना, मग फडताळातला डबा काढता येईना, आणि संक्रांतीपर्यंत हात छातीच्या वर जाईनासा झाला. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडलाय, सुटेल, पण रोज व्यायाम पाहिजे. पुलीची दोरी ओढायची, हलकं डंबेल उचलायचं. कंटाळा केलात तर आहे तसाच राहील. लहान मूर्ती आई मांडीवर घेऊन आखतात, तिथे अडत नव्हतं. मोठ्या मूर्तीला मात्र हात खांद्यातून मोकळा फिरावा लागतो. कोपराला टेकू देऊन काढलेली रेघ मेलेली दिसते, असं त्या म्हणतात, आणि खरंच दिसते.

रोह्याच्या मंडळाचा फोन आला की मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून द्यायचे. एकदा जेवताना नवरा चाचरत म्हणाला, “आई, या वर्षापुरता शेजारच्या जोहे गावातला एखादा आखणारा बोलावू या का?” आईंनी मान वर केली नाही. “बोलव की. मी पापड लाटीन.” खांदा असा असताना पापड तरी कुठले लाटता येणार होते! त्या दिवशी घरात कुणाला भात गेला नाही.

व्यायामाचं सामान मात्र घरातच होतं. माझ्या धाकट्या दिराने मागच्या खोलीत अख्खी जिम उभी केली होती. झोपून वजन उचलायचा बेंच, पुलीचं मशीन, डंबेल, खाली रबराची मॅट. मग त्याला दुबईला नोकरी लागली. जाताना पठ्ठ्याने घामाने चिंब हातमोजे आणि टॉवेल बेंचवरच टाकले, खोलीला कुलूप घातलं आणि विमानात बसला. त्यावर अख्खा पावसाळा गेला. आपल्याकडचा पावसाळा, ज्यात कपाटातल्या चपलेलासुद्धा बुरा येतो.

आम्ही कुलूप काढलं आणि अगं बाई गं! कंपन्यांच्या वासात वाढलेली मी दोन पावलं मागे सरले. आई उंबऱ्यावरच थांबल्या. “मेल्यानं आत बैल बांधला व्हता काय?”

तरी नवऱ्याच्या आग्रहाखातर त्यांनी पुलीची रबरी मूठ धरली. लगेच सोडली, तळवा हुंगला आणि तडक मोरीवर गेल्या. साबणाने धुतला, चिंचेने घासला, पुन्हा हुंगला. वास होताच. आखणीच्या दिवसांत आई उजव्या हाताने लसूण सोलत नाहीत, सुकटीच्या डब्याला बोट लावत नाहीत. हा त्यांचा नेम, त्यांच्या सासूकडून आलेला. “या हातानं देवाचा डोळा आखतेय मी,” त्या म्हणाल्या. “त्याला दुसऱ्याचा शिळा घाम लागलेला मला चालायचा नाय. खांदा ऱ्हायला तर ऱ्हायला.”

माझं डोकं तापलं. खांदा आधी की वास आधी? पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी पदर खोचला आणि अर्धी बाटली फिनेल ओतलं. वर सेंट मारला, वर मोगऱ्याच्या उदबत्त्या लावल्या. तासाभराने खोलीत गेले तर सार्वजनिक मुतारीत हळदीकुंकू चाललंय असा वास!

मग नवरा पुढे सरसावला. गणपतीच्या गावातल्या माणसाला काही खराब दिसलं की त्याचा हात रंगाकडे जातो, दुसरं काही सुचतच नाही. त्याने गंजलेली डंबेल पॉलिश पेपरने घासली, प्रायमर दिला आणि कॉम्प्रेसर लावून त्यांच्यावर मुकुटाचा सोनेरी मारला. पुलीच्या मुठीही सोनेरी. बेंचच्या रेग्झिनला पितांबराचा पिवळा. खोटं कशाला बोलू, मला तर ते फार आवडलं. इंद्राच्या दरबारातली तालीमच जणू.

आई आल्या. डाव्या हाताने डंबेल उचललं, ठेवलं. तळवा सोनेरी झाला होता आणि त्याला तोच वास येत होता. दोन दिवस कोंडून वर आणखी पिकलेला.

“मूर्तीला भेग असली तर आधी रंग मारतोस काय रं?” त्यांनी लेकाला विचारलं. “आधी भेग भरतोस ना? मग हितं अक्कल कुठं गेली?” तो मान खाली घालून उभा. मी हसले, तर माझ्याकडे वळल्या. “तू काय हसतेस गो? उदबत्ती कुणी लावली?”

आणि मग त्यांनी कंबर कसली. एक हात छातीशी धरलेला, पण जीभ आणि दुसरा हात काय चालले! सगळं सामान बाहेर काढायला लावलं, ते आंब्याखाली, सावलीत. मी म्हटलं, कडक उन्हात ठेवू, वास पळेल. “मूर्ती उन्हात तडकते, मग रेग्झिन काय तुझ्या माहेरचं हाय?” हातमोजे आणि टॉवेल काठीने उचलून घंटागाडीत. रंग थिनरने पुसून काढला. मग स्वतः डाव्या हाताने पान्हा धरून बेंच खोलायला घेतला. वरून धुऊन काय होणार, त्यांचं म्हणणं, वास पोटात असतो. आणि होताच! रेग्झिनखालचा फोम काळाठिक्कर, पिळला असता तर गेल्या साली प्यालेलं पाणी निघालं असतं. फोम गेला. त्याच्या जागी कारखान्यातला कोरडा काथ्या आला, मूर्तीच्या पोटात घालतात तोच. मला रेग्झिन दोन्ही बाजूंनी कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवायला लावलं, शिवणी जुन्या टूथब्रशने. मॅट व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसली, वाळवली, वर खाण्याचा सोडा भुरभुरून सकाळपर्यंत ठेवली आणि झाडली. पुलीची दोरी टाकून दिली. नवऱ्याने धरमतरच्या खाडीवरून होडीची नवी दोरी आणली.

राहिल्या रबरी मुठी. सगळं करून झालं तरी त्यांचा वास हटेना. आईंनी त्या डाव्या हाताने उलट्यासुलट्या करून बघितल्या. मग शाडू भिजवायला सांगितला. तेल सांडलेल्या जमिनीवर आपण माती टाकतो, तसा त्यांनी मुठींना शाडूचा जाड लेप दिला, बोटांनी, अगदी सोंडेवर हात फिरवावा तसा. सुकला की खरवडायचा, पुन्हा नवा द्यायचा. मधेच त्या डोळे मिटून एकेक मूठ नाकाशी धरत आणि निकाल सांगत. “नापास.” “नापास.” “ही पास.” शेवटची मूठ पास झाली तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

“घाम वाईट नसतो गो,” हात धुताना त्या म्हणाल्या. “कोंडलेला घाम वाईट.”

तेव्हापासून त्या खोलीची खिडकी बंद झालेली नाही. रोज सकाळी आई मशीनवर बसत. आधी मुठी ओल्या फडक्याने पुसायच्या, मग व्यायाम, मग पुन्हा पुसून कोरड्या करायच्या. दोरी ओढताना दुबईच्या लेकाला, डॉक्टरला, मला, सगळ्यांना शिव्या. दुखायचं फार. डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तोंडाने शिव्या चालूच. व्यायाम झाला की भिंतीला उभ्या राहून, हात जाईल तिथे गेरूच्या ब्रशने टिंब द्यायच्या. वर त्यांनी एक आडवी रेघ मारून ठेवली होती, मोठ्या मूर्तीच्या डोळ्यासाठी स्टुलावर चढूनसुद्धा हात एवढा वर जायला पाहिजे म्हणून. टिंबं चढत होती, पण गोगलगाईच्या चालीने. एकदा तर आठवडाभर तिथल्या तिथे राहिली आणि एक दिवस खाली आली. त्या दिवशी त्यांनी ब्रश न धुताच टाकून दिला. मी गुपचूप जाऊन ते टिंब बघून आले आणि मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घेतलं. मी रडते ते कुणाला दिसलेलं मला खपत नाही.

पावसाळा लागला. रोह्याची मूर्ती रंगून उभी राहिली, सगळी झाली, फक्त डोळे पांढरे राहिले. मंडळवाले न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी टिंब रेघेच्या चार बोटं खाली होतं. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. जोह्याच्या आखणाऱ्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता.

आई आंघोळ करून आल्या. “चला.”

“आई, रेघ अजून...”

“रेघ मीच मारलीय ना? मग तिला काय भ्यायचं?”

स्टुलावर चढायच्या आधी त्यांनी उजवा तळवा माझ्या नाकाशी धरला. “हुंग.” मी हुंगला. साबण, आणि किंचित शाडू. “काही नाही,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ब्रश घेतला.

उजवा डोळा झाला. श्वास घ्यायलासुद्धा आम्ही घाबरत होतो. मग खांदा भरून आला. त्यांनी ब्रश डाव्या हातात घेतला, उजवा खाली सोडला आणि तिथेच स्टुलावर, गणपतीच्या समोर, पुलीची दोरी ओढल्यासारखा हात हवेत वर-खाली केला. दातओठ खात. शिवी देवाच्या समोर म्हणून गिळली असणार. पुन्हा ब्रश घेतला आणि डावा डोळा एका दमात काढला. खाली उतरल्या तेव्हा हात लुळा पडल्यासारखा लोंबत होता आणि त्या हसत होत्या. अशी बाई मी दुसरी बघितली नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी सांगणार नाही, चढून बसतील.

गणपतीत मी माहेरी गेले. आळीत आरतीला उभी राहिले. वर बघितलं, तर नेहमीसारखे ते डोळे थेट माझ्यावर. पूर्वी भीती वाटायची. त्या दिवशी ऊर भरून आला. मी गर्दीतून बाजूला झाले आणि आईंना फोन लावला.

“काय गो? डोळे कसे दिसतायत?”

“माझ्याकडेच बघतायत, आई.”

“बघणारच,” त्या म्हणाल्या. “तुझा पण घाम हाय त्यात.”