तिसरा दिवस, चार ते पाच

सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती आणि सहलींच्या कचेरीत दोन नंबरच्या टेबलावर ती स्वतःच्याच सुट्टीचा तिसरा दिवस टाइप करत होती. सरोवराकाठच्या त्या अवाढव्य शहरात अठरा वर्षं तिनं लोकांना पाठवलं. कुठल्या ट्रामनं कुठं उतरायचं, कुठल्या गल्लीत कुठल्या देशाची माणसं राहतात, बेटावरची बोट कधी सुटते, सगळं तोंडपाठ. कचेरीत तिला नकाशाताईच म्हणत. स्वतः मात्र ती एकदाही गेली नव्हती. आता एकोणीस तारखेला नवऱ्याबरोबर निघायचं होतं. नवरा आणि मालक सोडले तर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मालकांचा नियम असा, की कार्यक्रमात एकही तास रिकामा ठेवायचा नाही. रिकामं बसलेलं गिऱ्हाईक फोन करून डोकं खातं. अठरा वर्षांपूर्वी पहिलाच कार्यक्रम लिहिताना तिसऱ्या दिवसाचा चार ते पाच हा तास काही केल्या भरेना. तिनं ठोकून दिलं: बोटीच्या धक्क्यामागची तिसरी गल्ली, जिन्यावरची चहाची खोली, खिडकीतून सरोवर. तशी खोली कुठल्याच नकाशात नव्हती. नंतर ते दुरुस्त करायचं राहून गेलं, आणि जुन्या कार्यक्रमावरूनच नवा उतरवायची पद्धत असल्यानं ती ओळ प्रत्येकाच्या हातात पडत गेली. तक्रार एकाचीही आली नाही. उलट लोक परत येऊन त्या चहाचं कौतुक करत. एवढं मोठं शहर, असेल एखादी, म्हणून तिनंही विषय सोडून दिला होता.

दहा वाजता, आठवड्यापूर्वीच तिकडून परतलेले एक निवृत्त मास्तर आले.

"ताई, तुमची ती चहाची खोली झकास हं. तिथल्या बाई तुमची चौकशी करत होत्या."

"माझी? मला कुठं ओळखतात त्या?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, कार्यक्रम लिहितात त्याच ना, डावखुऱ्या? एकोणीसला निघतायत, एकवीसला चार वाजता येतील."

ती डावखुरी होती.

मास्तरांनी मोबाइल पुढे केला. फोटोत खिडकी, पलीकडे करडं पाणी, टेबलावर पाच लिप्यांत लिहिलेली राखीव जागेची पाटी. टेबलापाशी खुर्ची एकच.

"दुसरी कुणी उचलून नेली वाटतं," ती म्हणाली.

"मी विचारलं ना, मिस्टरांना काय उभं करणार? तर म्हणतात कशा, त्या एकट्याच येतील." मास्तर हसले. "मोठ्या गमतीदार बाई."

नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान समोरच होतं. दुपारी डबा खाताना तिनं त्याला सगळं सांगितलं.

"एकच खुर्ची? मी राहीन उभा. नाहीतरी दिवसभर बूड टेकूनच असतो."

"अहो, चेष्टा नको."

"मग ती ओळ काढून टाक. चार ते पाच हॉटेलात झोपा काढू."

"काढली. आणि छापून पाहिलं."

तिनं पिशवीतून कागद काढला. चार ते पाचची ओळ गेली होती. वर प्रवाशांच्या जागी एकच नाव होतं, तिचं.

"मशीन चुकलं असेल."

"तीनदा छापलं. पडद्यावर दोघं दिसतो, कागदावर मी एकटी."

त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि एखादं बंद पडलेलं घड्याळ उघडावं तसा तो कागद बराच वेळ पाहिला.

"अठरा वर्षं जायचं जायचं म्हणत होतीस."

"आता नाही जायचं."

"एका कागदासाठी?"

"कागद गेला चुलीत. तुम्ही आधी जेवा."

त्यानं एक पोळी जास्त खाल्ली.

साडेतीनला तिनं दोन्ही तिकिटं रद्द केली आणि रजेच्या वहीत आपल्या दहा दिवसांवर आडवी रेघ मारली. मालकांनी कारण विचारलं, तेव्हा "ह्यांना नाही जमत" एवढंच म्हणाली.

उद्या गुरुवार. कचेरी नऊला उघडते. अकरा वाजता चौघांचं एक कुटुंब त्याच शहराचा, चार ते पाचच्या त्या ओळीसकट उतरवलेला कार्यक्रम न्यायला येणार आहे.